फोटोपुरते बूट

शर्यत संपून वीस मिनिटं झाली होती. कपडे बदलायच्या तंबूत ती बाकावर बसून बुटावरची काळी चिकटपट्टी सोलत होती. पट्टीखाली दुसऱ्याच कंपनीचं चिन्ह होतं. सकाळी सरांनी ते झाकून दिलं होतं, पण घामापाण्याने पट्टी अर्धीमुर्धी सुटली होती. ती पहिली आली होती. आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता, आणि त्याचं दुःखही होत नव्हतं.

एवढ्यात तिला बूट पुरवायचा करार केलेल्या कंपनीचे साहेब काखोटीला खोका मारून धापा टाकत आत शिरले.

"आणले!"

"वरातीमागून घोडं," सर म्हणाले. तिला पळायला शिकवता शिकवता सरांचे केस पिकले होते, जीभ मात्र होती तशीच तिखट.

साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. घेऊन सांगतात कोणाला? गेले सात महिने कंपनीचा मालच येत नव्हता. "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणता म्हणता त्यांचंच तोंड दुखलं होतं. मधल्या काळात तिची शेवटची जोडी फाटली आणि बाजारात मिळाली ती जोडी तिने गुपचूप घेतली.

त्यांनी खोका उघडला. बूट कोरे करकरीत होते. आठ नंबर.

"माझा सहा," ती म्हणाली.

"माहीत आहे हो ताई. नऊ वर्षं मीच देतोय ना? एक दुकानाच्या काचेतून उचललाय, त्याचा जोडीदार गोदामात सापडला. फोटोपुरते घाला. आपले बूट दिसले की वरचे लोक करार दोन वर्षं पुढे नेतील. कागद बॅगेतच आहेत, फोटो झाला की लगेच सही. नाही दिसले, तर मग माझ्या हातात काही नाही."

करार म्हणजे तिचं घरभाडं आणि खुराक. तो गेला तर पळणं सोडून तिला नोकरी शोधावी लागणार होती. हे तिघांनाही ठाऊक होतं.

"द्या," ती म्हणाली.

सरांनी वर्तमानपत्र फाडून बोळे केले आणि बुटांच्या टोकांत कोंबले. "खेळाचं पान ठेवतो हं बाजूला," ते म्हणाले, "उद्या तू येशील त्यात."

साहेब गुडघ्यावर बसले. नऊ वर्षांपूर्वी, ती कोणाच्या खिजगणतीतही नव्हती तेव्हा, पहिली जोडी त्यांनी अशीच खाली बसून तिच्या पायांत घातली होती. ते बूट ती उशाशी घेऊन झोपली होती. आज तिला त्यांच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. बिचारे, असं मनात यायला हवं होतं. तेही आलं नाही.

नाडी आवळताना त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "ताई, खरं सांगा. आमच्या बुटांशिवाय पळताना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असेल ना?"

सरांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. हो म्हणून मोकळी हो, असंच ते डोळे सांगत होते. आणि हो म्हणायला तिचं काय जात होतं? नऊ वर्षं ती हेच तर सांगत आली होती, तेही मनापासून.

"मला वाटलं होतं, दुसऱ्या बुटांत मला पळताच येणार नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. पळाले."

साहेबांचे हात थांबले. बाहेर बक्षिसासाठी तिच्या नावाचा पुकारा झाला. सर उगीचच खाकरले. साहेबांनी नाडीची गाठ मारली, घट्ट ओढली आणि तिच्यावर आणखी एक मारली. दुसऱ्या पायालाही तसंच केलं.

"चला," ते म्हणाले, "फोटोवाले थांबलेत."

ती उठली. गाठी पक्क्या बसल्या होत्या. आत पाय मोकळेच होते.