सहाणेवरची गोळी

सहाणेवर वेखंड उगाळून झालं, की शेवंता देव्हाऱ्यातली बंदुकीची गोळी उगाळायला घ्यायची. युद्धात नवऱ्याच्या मांडीत घुसलेली ती गोळी. गरोदरपणात शेवंताने स्वतः चाटली, मग बाळगुटीतून लेकीला चाटवली. धन्याचं जिने काही वाकडं केलं नाही, तिने पोर बापासारखी काटक होणार, अशी तिची खात्री!

पण तीन वर्षांची झाली तरी चिंगी बोलेना. डॉक्टरांनी दोघींचं रक्त तपासलं. म्हणाले, "गोळीतलं शिसं भिनलंय अंगात. ते बंद करा, आणि पोरीशी खूप बोला. हळूहळू सुधारेल."

नवऱ्याने गोळी आणि सहाण परसात खोल पुरली. शेवंता मात्र भिंतीला टेकून रडत बसली. "मीच वैरीण झाले हो हिची!"

"अगं, जपून आणली कोणी? मीच ना?" नवरा म्हणाला.

तेवढ्यात चिंगीने फरशीवरच बोट घासलं, अगदी आईसारखं, आणि तिच्या ओठांशी नेलं. आईचं रडं थांबेना. तशी पोरीने कपाळाला आठ्या घातल्या आणि गुटीच्या वेळचं आईचंच फर्मान सोडलं, "आ कर!"

शेवंताने मुकाट तोंड उघडलं.