मुडद्याचं काम

"मुडद्याचं काम मी करणार," नलिनाक्षबाबू म्हणाले आणि चहात बुडवलेलं बिस्किट त्यांनी तोंडात टाकलं.

तितिरच्या हातातली पेन्सिल थांबली. जमिनीवर तिच्या शॉर्टफिल्मची चित्रं मांडलेली होती. काळ्याभोर सावल्या, ओला रस्ता, सिगारेटचा धूर, गोड बोलून घात करणारी बाई आणि खोलीच्या मधोमध पडलेला एक मुडदा. जुन्या धर्तीचा काळापांढरा न्वार, म्हणजे गुन्ह्या-सावल्यांचा सिनेमा करायचा असं तिने ठरवलं होतं. त्यात म्हाताऱ्या इन्स्पेक्टरचं सगळ्यात मोठं काम होतं आणि ते तिने बापासाठीच लिहिलं होतं.

"बाबा, तुम्ही इन्स्पेक्टर आहात. ठरलंय आपलं."

"तू ठरवलंस. मला कुणी विचारलं?"

"अहो, जन्मभर पाठमोरी कामं केलीत. आता कुठे तोंड दिसेल म्हणते, तर तुम्ही निघालात डोळे मिटून पडायला!"

बोलून गेली खरी, पण लगेच तिला जीभ चावावीशी वाटली.

बंगाली सिनेमाच्या टॉलीगंजमधल्या स्टुडिओंत नलिनाक्षबाबूंची हयात गेली ती डॉक्टर होऊन. सिनेमातला तो डॉक्टर हो! नाडी बघतो, घरच्यांना दाराबाहेर बोलावतो, चष्मा काढतो आणि सांगतो, आता सगळं वरच्याच्या हातात. काम तेवढंच. कॅमेरा रडणाऱ्या हिरॉइनवर आणि यांची नुसती पाठ. तरी गल्लीत त्यांना सगळे डॉक्टरबाबूच म्हणत.

गेल्या महिन्यात खऱ्या डॉक्टरने तितिरला दाराबाहेर बोलावलं. पोटातली गाठ फार पसरली होती. दुर्गापूजेपर्यंत दिवस निघाले तर नशीब, तो म्हणाला. आई मागेच गेलेली, भाऊ-बहीण कुणी नाही. ती दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडली, तोंड धुतलं आणि हसत आत गेली. "पित्त आहे, बाबा. तळलेलं बंद." बंगाली माणसाला पित्ताचं कारण चटकन पटतं. नलिनाक्षबाबूंनीही मान डोलावली आणि तळलेल्या माशाशिवाय जगायचं कसं म्हणून घरी येईपर्यंत कुरकुर केली.

तेव्हापासून ही फिल्म तिच्या मानगुटीवर बसली होती. पौषातलं शूटिंग तिने भाद्रपदात ओढलं. एकदाच, फक्त एकदाच, बापाचा चेहरा पडदाभर दिसायला हवा होता. आणि तोवर त्यांना काही कळता कामा नये.

"पण घाई कसली, तितिरदी?" खिडकीशी बसलेला तिचा जुना कॅमेरामन पल्टू कुरकुरला. "भाद्रात उजेडाचा काही नेम असतो का? घटकेत ऊन, घटकेत ढग. पौषात बघ, सूर्य कसा कलतो. खिडकीच्या पट्ट्यांतून ऊन सुरीसारखं आत येतं."

"घरमालक घर विकतोय. पौषात खोली कुठली?" तिने ठोकून दिलं.

नलिनाक्षबाबूंनी लेकीकडे एकदा पाहिलं आणि कप खाली ठेवला. "उजेड आत्ता आहे," ते म्हणाले. "आत्ताच बघून घ्या." पलंगाची कड धरून ते खाली बसले आणि मग लाल फरशीवर आडवे झाले. एवढ्याशा गोष्टीला केवढा वेळ लागला!

पल्टूने कॅमेरा लावला. खिडकीच्या लाकडी पट्ट्यांतून ऊन आलं आणि त्यांच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे पडले. चष्मा तसाच होता. तोंड जरा उघडं होतं. त्यांनी श्वास धरला, छाती हलेना. तितिरने कॅमेऱ्याला डोळा लावला. हेच चित्र तिने कितीदा काढलं होतं, पण कागदावर तो कुणीतरी परका माणूस होता. तिने झटकन तोंड फिरवलं.

"काय गं?" मुडदा डोळे मिटूनच बोलला. "दिग्दर्शकानेच पाठ फिरवली तर कसं व्हायचं? बघ नीट. मन घट्ट कर आणि बघ."

तिने पाहिलं. डोळ्यांत पाणी येऊन सगळे पट्टे एकमेकांत मिसळेपर्यंत पाहत राहिली.

"कट! जबरदस्त, ज्येठू!" पल्टू खुशीत आला. नलिनाक्षबाबूंना तो ज्येठू, म्हणजे थोरले काका, म्हणायचा. "आता हसा बघू. मेल्याचा शॉट झाला की हसायचा शॉट. अपशकुन तिथल्या तिथे कापायचा! आमच्या लाइनीत त्याशिवाय कॅमेरा हलत नाही."

नलिनाक्षबाबू हसले नाहीत. कोपरावर जोर देऊन उठायला गेले, पण जमलं नाही. तितिरने काखेत हात घालून त्यांना बसवलं. रिकामं पोतं उचलावं तसे ते हलके लागले.

"इन्स्पेक्टर दुसऱ्या कुणाला दे," ते धापा टाकत म्हणाले. "तो जिने चढतो, पळतो. मला पडून राहणं तेवढं जमेल."

"बाबा, पित्ताचं काय एवढं! दोन दिवस पथ्य पाळलं की—"

नलिनाक्षबाबूंनी चष्मा काढला. इतक्या सिनेमांत काढला होता तसाच, सावकाश.

"दाराबाहेर जाऊन आलेलं माणूस आत येऊन कसं हसतं, ते मी जन्मभर बघत आलोय, मा," ते म्हणाले. लाडात आले की ते तिला मा म्हणायचे. "पित्ताचं नाव काढलंस तेव्हाच मला कळलं. बिचारी एकटी ओझं वाहतेयस, म्हणून गप्प राहिलो."

तितिरला हुंदका आवरेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पल्टूकडे वळले.

"शूटिंगच्या दिवशी एवढं कर, बाबा. माझा हसायचा शॉट आधी घे."

"आधी?" पल्टू गोंधळला. "रीत उलटी होईल, ज्येठू. मुडदा उठून बसला की मग हसतो."

"तेच म्हणतोय मी," नलिनाक्षबाबू म्हणाले. "मुडदा उठला नाही तर?"