गाडीचं नाक

"तुझ्या भावानं गळ्यात मारली ती मारली, वर हसत चहा पिऊन गेला," संपत म्हणाला आणि त्यानं गाडीच्या चाकाला लाथ घातली. लाथ चाकाला बसली, लागली सुषमाला.

वरवंडला हायवेच्या कडेच्या गॅरेजात ती छोटी जीप तोंड वासून उभी होती. सुषमाचा भाऊ चांगदेव शिक्रापूरला कंपनीत होता, त्यानंच आपल्या साहेबाची ही गाडी जमवून दिलेली. दोन महिन्यांत तिची ओढ गेली. पुलाचा चढ लागला की काळा धूर, आणि मागनं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देत पुढं निघून जायचा. दौंडच्या फिटरनं पंप उघडला, नोझल धुतले, डिझेलचा फिल्टर बदलला. गाडी ढिम्म.

भाऊबीजेला चांगदेव आला, तर संपतनं त्याला पाटावर बसू दिलं नाही. "आधी गाडी माघारी न्या, मग ओवाळून घ्या." सुषमाचं ताट हातातच राहिलं. आणि आज सकाळी त्यानं शेवटचं सांगितलं होतं, "मिस्त्री म्हणला इंजिनच गेलंय, तर तुझं माहेर तुटलं म्हणून समज."

म्हणून ती आली होती. बाईमाणसाचं गॅरेजात काय काम, असं संपत विचारेपर्यंत ती मागच्या सीटवर सासऱ्यांशेजारी जाऊन बसलीसुद्धा. "निकाल माझ्या माहेराचा, आन् मी काय घरी भाकरी थापत बसू?"

मिस्त्रीनं गाडी चालू करायला लावली, धूर बघितला, बंद करायला लावली.

"काळा धूर म्हंजी हवा कमी पडतीया. एअर फिल्टर बघितला का?"

"त्यो नवाच हाय," संपत म्हणाला. "हिच्या भावानं सांगितलंय, सायबानं देतानाच बदललाय."

सुषमा मागनं पुढं आली.

"बाकी समदं खोटं बोलला माझा भाऊ, आन् तेवढं एकच खरं बोलला व्हय?"

मिस्त्रीनं फडक्यात तोंड लपवून हसू पुसलं.

"उघडा ओ तुमी," ती म्हणाली.

क्लिपा सुटल्या. झाकण निघालं. आत पिवळं धमक. फिल्टरच्या घडीघडीत पिवळी पूड बसून तिची ढेपळं झाली होती. मिस्त्रीनं बोटानं उकरलं, वास घेतला, आणि सवयीनं ते बोट कपाळाला टेकवलं.

"भंडारा हाय की ओ ह्यो! खंडोबाचा!"

कडेला जुन्या टायरवर बसलेले सासरे, गेणबा, उठून जवळ आले. आत डोकावले. लपवण्यासारखं काही केलंय, असं त्यांच्या तोंडावर नव्हतं.

"मीच टाकला. नवा एडका आणला की नाकाला भंडारा लावतो आपण. दर आयतवारी चिमूटभर टाकत हुतो." जरा थांबून म्हणाले, "मग ही आजारी पडली. म्हणून मूठ मूठ."

"आबा!" संपत असा ओरडला की पलीकडच्या टपरीवरची माणसं वळली. "आवं, मेंढरू हाय का ते? सारी हयात मेंढरामागं गेली, अक्कल बी तिकडंच चरायला सोडली काय?"

गेणबांची मान खाली गेली. त्यांनी धोतराला हात पुसले. हात स्वच्छच होते.

सुषमाचाही राग त्या म्हाताऱ्यावरच निघणार होता. दोन महिने तिनं बोलणी खायची, भाऊ दारातनं उपाशी जायचा, आणि हे घालतायत मुठी! पण ती मान बघितली आणि राग जागच्या जागी वळला.

"मामांवर वरडू नका. नाक हितं हाय, हे त्यांना कुणी दाखवलं?"

संपत वाकून चाक बघायला लागला.

"ह्या संपतनंच," गेणबा हळूच म्हणाले. "गाडी आणली त्या दिशी. झाकण काढून म्हणला, आबा, ही हितनं श्वास घेती बगा. हसत हुता."

मिस्त्रीला एकाएकी पाना शोधायची घाई झाली.

"नवा टाकाय लागंल," तो पाना शोधता शोधता म्हणाला. "तवर ह्योच झटकून देतो." त्यानं हवेची नळी धरली तसा पिवळा ढग उठला आणि सगळ्यांवर बसला. मग किल्ली फिरवली. गाडी एका दमात चालू झाली. रेस दिली, तरी धुराचं नाव नाही.

"बसा, बसा," संपत म्हणाला. त्याच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. "झालं की काम."

"कुणाचं?"

सुषमा बसली नाही. ती टपरीकडं गेली, तसा संपतही मागोमाग आला. तिथं लाल डब्याचा फोन होता. तिनं रुमालाची गाठ सोडली, रुपया टाकला. भावाच्या खोलीखालच्या किराणावाल्याचा नंबर तिला पाठ होता. चांगदेव दुकानातच सापडला.

"दादा, थांब. हे बोलत्यात," ती म्हणाली आणि तिनं रिसीव्हर संपतपुढं धरला.

त्यानं हायवेकडं बघितलं. गाडीकडं बघितलं. मग घेतला.

"हॅलो... पाव्हणं, मी संपत. गाडी बरी झाली बगा."

"गाडीचं मागनं सांगा," सुषमा म्हणाली.

पलीकडनं चांगदेवचा आवाज तिला ऐकू येत होता. "हॅलो? दाजी? हाय का?" संपतनं रिसीव्हर ह्या कानावरनं त्या कानाला लावला. तेवढ्यात फोन पीप-पीप करायला लागला. मिनिट सरत आलं होतं. संपतच्या तोंडावर सुटल्यासारखं झालं.

सुषमानं दुसरा रुपया टाकला.

"बोला."