डिलार्डची दहा गाणी

डिलार्ड सायझमोर वसंतात गेला. त्याची दहा गाणी दहा मित्रांनी गायची आणि आल्बम काढायचा, असं आम्ही ठरवलं. केंटकीतल्या आमच्या लाकडी चर्चमध्ये मी रेकॉर्डिंग करू लागलो.

पहिलं गाणं संपताना गायक हळूच म्हणाला, "मेबल." असेल काही मनातलं, म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्या वेळी मी गाणाऱ्या रॉस्कोला छेडलं, "काय रे, ही मेबल कोण? म्हातारपणी नवं लफडं?"

"कोण मेबल? गाणं संपलं, मी गप्प बसलो."

पण टेपवर त्याच्याच आवाजात ते नाव होतं. पुढे नऊ गाणी झाली, तर नऊच्या नऊ गाण्यांत ते होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर मी डिलार्डच्या बायकोला, ओलेटाला, ते ऐकवलं. तिनं मला टेप थांबवायला लावली.

"त्यानं सांगितलं तुम्हाला?"

"काय सांगितलं?"

"आमची पोर. चाळीस वर्षं झाली. एक दुपार जगली बिचारी. तिचं नाव आम्ही दोघांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. थडग्यावरसुद्धा कोरलं नाही रे."

बराच वेळ रडून ती उठली. "दहावं गाणं मी गाते."

चारचौघांत ती कधीच गायली नव्हती. फाटक्या आवाजात तिनं गाणं शेवटापर्यंत नेलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. नाव काही तिच्या तोंडून आलं नाही.

चर्चमध्ये आम्ही दोघंच होतो. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये, अगदी जवळून, चाळिशीतल्या एका बाईनं विचारलं, "आई, का थांबलीस? माझं नाव घे ना."