गार दिवा

"दिसायला अगदी जुना बल्ब, बाबा. आतली तारसुद्धा तशीच," जेवणाच्या टेबलावर नवा दिवा टांगताना सून म्हणाली होती.

विष्णुपंतांनी नुसती मान डोलावली. त्यांची उरलीसुरली नजर महिन्यापूर्वीच गेली होती. घरात कळलं तर आपलं एकट्याने बाहेर पडणं संपेल, या धास्तीने ते पावलं मोजत वावरत होते.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिची हाक आली, "बाबा, दिवा लावता का?"

त्यांनी बटण दाबलं आणि रोजच्यासारखा तळहात बल्बजवळ नेला. ऊब लागेना. थोडं थांबले, तरी गारच.

"गेला गं हा," ते म्हणाले.

तिची पावलं दारात थांबली.

"बाबा, हे एलईडी बल्ब तापत नाहीत," ती हळूच म्हणाली. "दिवा लागलाय."