नसलेलं क्रियापद

बारशाची वंदना संपली, बाया पाळण्याभोवती दाटल्या, आणि नेमका तेव्हाच आनंदराजच्या खिशातला मोबाइल थरथरला. लातूरच्या चर्चमधले, लॅटिन जाणणारे फादर बोलत होते.

"सर, माझ्याजवळचे सगळे कोश चाळले. असं क्रियापद लॅटिनमध्ये नाही. कधी नव्हतं."

आनंदराज मांडवाच्या कडेला सरकला. लातूरच्या क्लासात तो जीवशास्त्र शिकवायचा. झाडापाखरांच्या लॅटिन नावांची मुळं सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लेकीसाठी त्याने मोबाइलमधल्या एआयकडे कुणाचंच नसेल असं नाव मागितलं होतं. एआयने दिलं: लुमेरा. लॅटिनमधलं दुर्मिळ क्रियापद. झोपेतून हळूच उजेडाकडे डोळे उघडणं. गावी आल्यापासून अख्ख्या हिमायतनगराला त्याने हा अर्थ ऐकवला होता. फादरांना विचारलं, ते फक्त उच्चार पक्का करायला.

आता त्याने एआयलाच विचारलं, हा शब्द खरंच आहे का? उत्तर लगेच आलं, मोठं नम्र. 'क्षमा करा. असं क्रियापद नाही. ते मी रचलं होतं.'

त्याने मान वर केली. मांडवाच्या दारावर झेंडूच्या फुलांत तेच नाव होतं. केकवर तेच. आणि पाळण्यावर वाकली होती त्याची थोरली बहीण कोंडाबाई. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा.

"आक्का, थांब."

बाया वळल्या. मनिषाने नवऱ्याचा चेहरा पाहिला नि पाळण्याच्या दोरीवर तिचा हात तसाच राहिला. "काय झालं हो?"

"तो शब्दच न्हाई. कुठंच न्हाई. खोटा हाय."

"न्हाई कसा?" कोंडाबाई म्हणाली. "भाकरी थापता थापता घोकून राहिले मी. अन् आता न्हाई म्हणतोस?"

"सरांचा पेपर फुटला गं," मागून कुणीतरी म्हणालं. बाया खुदखुदल्या.

आनंदराज हसला नाही. पोटची लेकच नाही असं कुणी सांगितलं असावं, तसा तो उभा होता.

एवढ्या गलक्यात पाळण्यात चुळबुळ झाली. एक मूठ सुटली. मांडवाच्या फटीतून उन्हाचा कवडसा गालावर आला होता. पापण्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या.

कोंडाबाईने ओठांवर बोट ठेवलं.

"गप बसा गं. लुमेरून राहिली पोर."