खांबावरचा लाल

"हिरवा!" माझी मुलगी उन्नती ओरडली.

"लाल!" मी ओरडलो.

इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की दोघांनीही तो मोठ्यानं पुकारायचा. अजनीच्या शेडची इंजिनं मी चौतीस वर्षं चालवली. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही, पोरीच्या मोबाइलवरच्या रेल्वेच्या गेमसमोरही तोंड बंद राहत नाही.

"बाबा, पडद्यावरची खालची पट्टी पाहा ना. हिरवा दाखवून राहिली."

"अन् समोर खांबावर?"

"ते नुसतं चित्र आहे. पॉइंट पट्टीवरच भेटतात."

मोबाइल घेऊन मी खेळलो. खांबावर लाल दिसला, ब्रेक लावला. पडद्यावर अक्षरं आली: 'विनाकारण थांबलात.' पन्नास पॉइंट गेले.

माझं डोकंच फिरलं. "कोन्या गाढवानं बनवला हा? जिंदगीत इंजिनात पाय ठेवला होता का त्यानं? लाल पाहून थांबलो, तं मलेच नापास करते?"

"काहून चिडून राहिले? गेमच तं आहे." उन्नतीनं मोबाइल घेतला आणि शंभरच्या वेगानं लाल ओलांडला. गेममध्ये टाळ्या वाजल्या. "रोज खेळते मी. आता तं समोर पाहावंच लागत नाही."

मी मोबाइल हिसकावला. "सोमवारी असिस्टंट म्हणून खऱ्या इंजिनात चढशील तू. मागं हजार माणसं बसून राहतील. तवा कुठं पाहून पुकारशील वं?"

ती अजूनही माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या मोबाइलच्या पट्टीकडेच पाहत होती.